पहिली खरेदी अल्टिमीटरची, रिग सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. स्कायडायव्हिंगचं प्रशिक्षण संपत आलंय, तीसेक उड्या झाल्यात, लायसन्स हातात पडायचंय. आतापर्यंत भाड्याच्या रिगवर, म्हणजे पाठीवरच्या पॅराशूटच्या अख्ख्या संचावर उडालात, तिच्यात २३० चौरस फुटांचं मेन (मुख्य) पॅराशूट होतं. तुमचं वजन ७० किलो. ओळखीतला एक अनुभवी जम्पर त्याची अख्खी रिग विकतोय. तिचं मेन १५० चौरस फुटांचं आहे, आणि ‘सुरुवातीला जरा वेगवान वाटेल, मग सवय होईल’ असं तो म्हणतो. ती रिग घ्यावी, की आधी फुल-फेस हेल्मेट आणि छोटा कॅमेरा घ्यावा, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं शिकवतो आहे आणि रिगर म्हणून लोकांच्या रिग उघडून तपासतो, दुरुस्त करतो. या दोन्ही कामांत दिसतं ते असं की नव्या माणसाचे पैसे वाया जातात ते वस्तू वाईट निघाल्यामुळे क्वचितच. खरेदीचा क्रम चुकलेला असतो. पहिल्या शंभरेक उड्यांत तुम्ही फार झपाट्यानं बदलणार आहात. लँडिंग सुधारेल, पॅराशूटचा आकार कमी होत जाईल, कोणत्या प्रकारचं उडणं आवडतं हे कळेल. म्हणून तुमच्या कौशल्याबरोबर जे बदलत नाही ते आधी घ्या, आणि जे बदलणार आहे ते जमेल तितकं भाड्यानं वापरा.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुम्ही जिथे उडता तिथे २१०, १९०, १७० अशा मधल्या आकारांची पॅराशूट भाड्यानं मिळतात का? वर्षातून किती वेळा उडणं होतं? मोसमात दर शनिवार-रविवार उडणाऱ्याला स्वतःची रिग लवकर परवडते. दोन-तीन महिन्यांतून एकदा उडणाऱ्याची रिग कपाटातच जुनी होते, आणि रिझर्व्हच्या, म्हणजे राखीव पॅराशूटच्या, ठरावीक मुदतीच्या रिपॅकिंगचा खर्च काही टळत नाही. चष्मा आहे का, तिथली हवा किती थंड असते, यावरही थोडंफार बदलेल. बाकी तर्क तोच राहतो.

सर्वांत आधी मनगटावरचा, उंची दाखवणारा अल्टिमीटर घ्या. पोटावर पडून खाली येताना वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे दर हजार फुटांना साडेपाच-सहा सेकंद. ३००० फुटांवर असताना काहीच केलं नाही, तर जमीन साधारण १७ सेकंदांवर आहे. या हिशेबात उंची डोळ्यांनी अंदाजे ओळखणं चालत नाही. भाड्याचा अल्टिमीटर दर वेळी वेगळा मिळतो. एकाचे आकडे मोठे, दुसऱ्याची तबकडी वेगळ्या रंगाची, तिसऱ्याचा पट्टा सैल. स्वतःचा असला की नजर टाकताक्षणी उंची कळण्याची सवय जडते, आणि ती सवय पुढच्या प्रत्येक उडीत तुमच्याबरोबर राहते.

काट्याचा घ्यावा की डिजिटल? नव्या माणसाला मी काट्याचाच सुचवतो. आकडा वाचावा लागतो, पण काटा कुठल्या बाजूला झुकलाय हे अर्ध्या नजरेत दिसतं, आणि त्याला बॅटरी लागत नाही. डिजिटलचे फायदेही खरे आहेत. उडीची नोंद आपोआप होते, आणि पॅराशूट उघडल्यावर लँडिंगच्या फेऱ्या आखताना बारीक आकडे कामाला येतात. तुम्ही डिजिटलवरच शिकला असाल तर तोच घ्या, सवय मोडण्यात अर्थ नाही. कोणताही घेतलात तरी विमानात चढण्याआधी शून्य तपासा. दुसऱ्या ठिकाणी उडायला गेलात आणि तिथे धावपट्टी व उतरायची जागा वेगवेगळ्या उंचीवर असेल, तर तो फरक आधी विचारून घ्या. अल्टिमीटर हवेचा दाब मोजतो, तुम्ही कुठे उतरणार आहात हे त्याला माहीत नसतं.

त्यानंतर कानापाशी वाजणारा, हेल्मेटमध्ये बसणारा ऑडिबल. त्याच्यात साधारण तीन उंची ठरवता येतात: गटापासून दूर सरकायची, पॅराशूट काढायची आणि शेवटची धोक्याची. हे फार उपयोगी यंत्र आहे, पण क्रमानं दुसरं. बॅटरी संपते, सेटिंग कुणीतरी बदललेलं असतं, वाऱ्याच्या आवाजात आणि मनाच्या गडबडीत बीप ऐकूच येत नाही. मी विद्यार्थ्यांना एक चाचणी सांगतो: बीप वाजला तेव्हा तुम्हाला आश्चर्य वाटलं, तर त्या उडीत तुम्ही उंचीवर लक्ष ठेवत नव्हता. खाली आल्यावर ते लॉगबुकात लिहा.

मग हेल्मेट. फुल-फेस घ्यायला माझा विरोध नाही. थंडीत चेहरा वाचतो, वारा कमी लागतो, आवाज कमी होतो. पण काच धुरकटते आणि विमानात सूचना नीट ऐकू येत नाहीत. शिवाय अजून कोचबरोबर उडताय, तोवर त्याला तुमचा चेहरा दिसलेला बरा. घाबरलेला चेहरा आणि एकाग्र चेहरा यांतला फरक मला हवेत दिसतो आणि त्यावर मी पुढचा इशारा ठरवतो. म्हणून पहिलं हेल्मेट कडक कवचाचं, चेहरा उघडा ठेवणारं, ऑडिबलसाठी खिसा असलेलं. फुल-फेसच घ्यायचं ठरलं, तर हातमोजे घालून एका हातानं काच उघडता येते का, हे दुकानातच करून बघा.

मापाबाबत तडजोड नको. पट्टा बांधून डोकं जोरात हलवा. हेल्मेट डोक्यामागून उशिरा हललं तर ते मोठं आहे. बाहेरून गुळगुळीत असावं. दोरी अडकेल असा खिळा, हुक, कोपरा नको. दिसायला देखणी असलेली सगळी हेल्मेट आघाताच्या चाचणीतून गेलेली नसतात. स्कायडायव्हिंगच्या हेल्मेटसाठी एक्सपी एस ७२-६०० हे फ्रेंच मानक आहे. ते किंवा तुमच्या संघटनेला मान्य असलेलं दुसरं मानक लेबलवर आहे का बघा.

गॉगल्स घ्याच, आणि दोन घ्या, कारण ते हरवतात. चष्मा असेल तर चष्म्यावरून बसणारे. हातमोजे पातळ असावेत, हँडल बोटांना जाणवलं पाहिजे. दोऱ्या कापायची हूक नाइफ लहानशी वस्तू आहे, घेऊन टाका. आणि बुटांबद्दल कुणी सांगत नाही म्हणून सांगतो: नाडी अडकवायला धातूचे हुक असलेले बूट घालून उडू नका. पॅराशूटच्या दोऱ्या अडकायला तेवढा हुक पुरतो.

जम्पसूटला घाई नको. सूट हा तुमच्या खाली पडण्याच्या वेगाचा विषय आहे. सडपातळ माणूस गटात वर तरंगत राहतो, त्याला अंगाबरोबर बसणारा, निसटत्या कापडाचा सूट लागतो. भारदस्त माणसाला सैल आणि हवा धरणारा. तुम्ही कोणाबरोबर, कोणत्या प्रकारे उडणार हे ठरल्यावर मापानं शिवून घ्या. तोवर ड्रॉप झोनवरचा, म्हणजे उड्यांच्या मैदानावरचा चालतो. सूट सैल असलाच, तर त्याचं कापड हँडलवर येत नाही ना, एवढं प्रत्येक वेळी तपासा.

कॅमेरा आत्ता नको, यावर मी ठाम आहे. अमेरिकेची यूएसपीए ही संघटना कॅमेरा लावण्याआधी किमान २०० उड्यांचा अनुभव असावा असं सुचवते, आणि तो आकडा उगाच ठरवलेला नाही. कॅमेऱ्याचा माउंट ही दोऱ्या अडकण्याची जागा आहे, हे एक. त्याहून मोठं म्हणजे कॅमेरा चालू आहे का, कोण फ्रेममध्ये आहे, या विचारात उंची विसरली जाते. तीस उड्यांच्या माणसाकडे हवेत तेवढं शिल्लक लक्षच नसतं. त्याचं सगळं लक्ष अजून मूळ कामात खर्च होत असतं, आणि ते तसंच व्हायला हवं. व्हिडिओ हवा असेल तर अनुभवी माणसाला शेजारी उडायला सांगा. शिकण्यासाठी तो व्हिडिओ जास्त उपयोगाचा, कारण त्यात तुम्ही दिसता.

आता ती रिग. वेग आणि वजन यांचा हिशेब ‘विंग लोडिंग’ने मांडतात: विमानातून बाहेर पडताना तुमचं सगळ्या सामानासकट वजन किती पौंड, भागिले पॅराशूटचं क्षेत्रफळ किती चौरस फूट. तुमचे ७० किलो, आणि रिग, कपडे, हेल्मेट मिळून साधारण १२ किलो धरा. झाले ८२ किलो, म्हणजे १८१ पौंड. २३० च्या पॅराशूटवर तुमचं लोडिंग ०.७९ येतं. १९० वर ०.९५. १५० वर १.२१. नवशिक्यानं १.० च्या वर जाऊ नये, असा संकेत बहुतेक ठिकाणी पाळला जातो.

०.७९ वरून १.२१ हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण पॅराशूटचा वेग लोडिंगच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे इथे वेग जवळजवळ पाव पट वाढेल. चूक झाली तर जमिनीवर ज्या ऊर्जेनं आदळाल, ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे दीडपट. एवढ्यावर भागत नाही. लहान पॅराशूटच्या दोऱ्याही आखूड असतात, त्यामुळे ते वळणाला लवकर प्रतिसाद देतं आणि तेवढ्याच वळणात जास्त उंची खातं. मोठ्या पॅराशूटवर घाबरून एक टॉगल (हातातली ब्रेकची मूठ) शेवटच्या क्षणी ओढला तर घोटा मुरगळेल. १५० वर तोच झटका जिवावर बेतू शकतो. आणि घाबरून ओढलेले टॉगल नव्या माणसाच्या हातून होतातच. समोर अचानक कुंपण येतं, दुसरा कुणी आडवा येतो, वारा पडतो.

मुलांना वाढत्या अंगाचे कपडे घेतात, तसं पॅराशूट घेता येत नाही. आज जे तुम्ही वाऱ्यात, बिनवाऱ्यात, अनोळखी मैदानात, थकलेल्या अवस्थेत उभ्यानं उतरवू शकता, तेच आजचं पॅराशूट. ‘सवय होईल’ हे विकणाऱ्याचं म्हणणं वाईट हेतूचं असेल असं नाही. त्याला त्या वेगाची सवय झाली तेव्हा त्याच्यामागे किती उड्या होत्या, हे तो विसरलेला असतो. पूर्ण चालू, व्यवस्थित उघडलेल्या पॅराशूटखाली, जमिनीजवळ चुकीचं वळण घेऊन माणसं दगावतात, हे या खेळातलं जुनं आणि कटू वास्तव आहे. रिझर्व्ह आणि ते आपोआप उघडणारं एएडी यंत्र तिथे काहीच करू शकत नाहीत.

म्हणून पुढच्या काही महिन्यांत भाड्यानं २३० वरून २१०, मग १९० असे या. दर आकारावर वेगवेगळ्या वाऱ्यात पुरेशा उड्या करा. कॅनोपी कोर्स, म्हणजे उघडलेलं पॅराशूट चालवायचा कोर्स, मिळाला तर पहिल्या मोठ्या खरेदीच्या आधी त्याचे पैसे बाजूला काढा. ब्रेक किती ओढल्यावर पॅराशूट स्टॉल होतं, म्हणजे उडणं सोडून कोसळू लागतं, मागच्या रायझरनी (खांद्यावरून दोऱ्यांकडे जाणाऱ्या पट्ट्यांनी) कसं वळवायचं, वाऱ्याच्या दिशेनं उतरायची वेळ आली तर काय करायचं, हे त्यात पद्धतशीर शिकवतात. १९० वर लँडिंग सलग आणि बिनधास्त होऊ लागली की स्वतःच्या रिगचा विचार करा. वापरलेली घ्या, कारण पहिलं मेन तुम्ही काही काळानं बदलणारच. वापरलेल्या कापडाचं पॅकिंगही सोपं जातं. नवं कोरं झिरो-पोरॉसिटी (हवा आरपार न सोडणारं) कापड इतकं निसरडं असतं की शिकाऊ माणूस तासभर त्याच्याशी झटत बसतो.

वापरलेली रिग बघताना मी आधी मेन बघत नाही. हार्नेस (अंगावरचे पट्टे) आणि कंटेनर (पॅराशूट ज्यात बसतात ती पाठीवरची पिशवी) तुमच्या अंगाला बसतात का, इथून सुरुवात करतो. जमिनीवर उभं राहून घातलेली रिग फसवते. हार्नेसमध्ये टांगून बघा. सैल हार्नेसमध्ये शरीर खाली सरकतं, छातीचा पट्टा गळ्याशी येतो, आणि उजवीकडचं कटअवेचं (बिघडलेलं मेन सोडून द्यायचं) व डावीकडचं रिझर्व्हचं हँडल जिथे हात सरावानं जातो तिथे राहत नाही. असं मी प्रत्यक्ष तपासणीत वारंवार पाहिलंय, आणि बहुतेक वेळा मालकाला त्याची कल्पना नसते. हार्नेसचं माप दुरुस्त होऊ शकतं, पण ते योग्य परवान्याच्या रिगरचं किंवा कारखान्याचं काम आहे, आणि त्याचा खर्च किमतीत धरायला हवा.

दुसरा प्रश्न कंटेनरच्या मापाचा. प्रत्येक कंटेनर ठरावीक आकारमानाच्या मेन आणि रिझर्व्हसाठी बनवलेला असतो. १५० साठी बनवलेल्या कंटेनरमध्ये १९० कोंबून बसवलं, तर मेनची घडी ठेवलेली बॅग बाहेर यायला अडखळू शकते. उलट फार लहान मेन मोठ्या कंटेनरमध्ये सैल राहतं, पिना आणि फ्लॅप नीट धरत नाहीत. त्यामुळे ‘रिग घ्या, मेन नंतर मोठं बसवू’ हा मार्ग तुमच्या या सौद्यात जवळजवळ बंद आहे.

रिझर्व्हचा आकार लोक विसरतात. लहान मेनच्या रिगमध्ये रिझर्व्हही बहुधा लहान असतं. पण रिझर्व्हखाली तुम्ही याल तो दिवस वाईट असेल: उंची कमी, मैदान अनोळखी, हात थरथरणारे, कदाचित बेशुद्ध. तेव्हा डोक्यावर भरपूर कापड असलेलं बरं. रिझर्व्ह कोणत्या वर्षी बनलं, किती वेळा पॅक झालं, किती वेळा वापरलं, याच्या नोंदी रिझर्व्हवरच्या लेबलवर आणि सोबतच्या कार्डावर असतात, त्या वाचा. नोंदी नसतील तर सौदा सोडा.

एएडी, म्हणजे तुम्ही काहीच केलं नाही तर रिझर्व्ह उघडणारं यंत्र, याशिवाय मी माझ्या विद्यार्थ्याला स्वतःच्या रिगवर उडू देत नाही. जर्मनीच्या एअरटेक कंपनीनं १९९१ मध्ये सायप्रस नावाचं एएडी आणलं, तेव्हापासून या यंत्रांवर लोकांचा भरवसा बसला. त्याचा एक्स्पर्ट प्रकार साधारण ७५० फुटांवर, वेग सेकंदाला ३५ मीटरहून जास्त असेल, तरच रिझर्व्ह बंद ठेवणारी लूप कापतो. ही शेवटची तजवीज आहे. तिच्या जोरावर निर्णय लांबवायचा नाही. वापरलेल्या एएडीचं आयुष्य मोजून किंमत ठरवा. मॉडेलनुसार एकूण आयुष्य साधारण १५ ते २० वर्षं, काही जुन्या मॉडेलचं त्याहून कमी. काहींना मधल्या वर्षांत कारखान्यात तपासणीला पाठवावं लागतं. तीन वर्षं उरलेलं यंत्र ‘रिगसोबत फुकट’ मिळत असेल, तर ती तीन वर्षं संपल्यावर नव्याचा खर्च तुमचाच आहे.

आरएसएल असलेलीच रिग घ्या. मेन कटअवे केल्यावर निघून जाणारं मेनच रिझर्व्हची पिन ओढतं, अशी ही साधी जोडणी आहे. मार्ड प्रकारची असेल तर आणखी चांगलं, त्यात निघून जाणारं मेन रिझर्व्ह बाहेर काढायलाही मदत करतं. कमी उंचीवर कटअवे झाला तर या एक-दोन सेकंदांनी जीव वाचतो.

मेनमध्ये कापडापेक्षा दोऱ्यांकडे जास्त बघा. स्पेक्ट्राच्या दोऱ्या स्लायडरच्या (उघडताना दोऱ्यांवरून खाली सरकणाऱ्या कापडाच्या) घर्षणानं तापून हळूहळू आखडतात, बाजूच्या आणि ब्रेकच्या आधी. मग उघडणं झटक्याचं होतं आणि फ्लेअर, म्हणजे उतरताना दोन्ही ब्रेक ओढून वेग मोडणं, कमजोर पडतो. मालक म्हणतो ‘पॅराशूटच असं आहे’, प्रत्यक्षात दोऱ्या बदलायची वेळ झालेली असते. डॅक्रॉनच्या दोऱ्या जाड आणि मऊ, त्या पॅकिंगमध्ये जागा जास्त घेतात, पण उघडताना सौम्य. पायलट शूटची (मेन बाहेर खेचणाऱ्या छोट्या पॅराशूटची) किल लाइन, म्हणजे ते मिटवणारी दोरी, झिजलीय का, रायझरवरच्या, मेन सोडणाऱ्या, बिल बूथ यांच्या तीन-कड्यांच्या रचनेतलं कापड ताठरलंय का, कंटेनर बंद ठेवणाऱ्या क्लोजिंग लूपचे धागे सुटलेत का, हे सगळं रिगर बघेल. अट एकच: रिगर तुम्ही निवडलेला हवा, विकणाऱ्याचा नको, आणि पैसे तपासणीनंतर द्यायचे. सरळ विक्रेता याला कधी नाही म्हणत नाही.

तेव्हा तुमच्या आत्ताच्या यादीत: काट्याचा अल्टिमीटर, ऑडिबल, मापाचं हेल्मेट, गॉगल्स, हातमोजे, हूक नाइफ. उरलेले पैसे कॅनोपी कोर्स, कोचबरोबरच्या उड्या आणि जमलं तर विंड टनेलच्या (खालून वारा सोडणाऱ्या सरावाच्या बोगद्याच्या) काही मिनिटांवर. १५० ची रिग नको, असं त्या ओळखीच्या जम्परला आभार मानून सांगा. आणि पुढे वजनात बरीच घट-वाढ झाली, तर वरचा भागाकार नव्यानं करा.

स्वतःची रिग येईल त्या दिवशी गटात उडू नका. एकटे जा, नेहमीपेक्षा बरंच उंच पॅराशूट काढा, आणि विमानातल्या लोकांना व पायलटला ते आधी सांगा. २००० फुटांच्या वर असेपर्यंत दोन्ही बाजूंना वळून बघा, ब्रेक किती खोल गेल्यावर स्टॉल येतो ते शोधा, चार-पाच वेळा पूर्ण फ्लेअर करा. मगच लँडिंगच्या फेरीकडे वळा.